आडव्या धाग्याचा कागद

जाड कार्ड कसं दुमडायचं हे थोरलीने धाकटीला शिकवलं, तेव्हा धाकटी नऊ वर्षांची होती. शाई संपलेलं बॉलपेन घ्यायचं, स्टीलची पट्टी घट्ट धरायची आणि घडीच्या जागी रेघ दाबायची. "कापायचं नाही, नुसतं दाबायचं," थोरली सांगायची. "आणि एकदाच. दोनदा ओढलीस की घडीचं मन दोन ठिकाणी जातं."

पुढे थोरली एका आर्किटेक्टच्या ऑफिसात कार्डाची घरं करायला लागली आणि तिथेच तीस वर्षं राहिली. धाकटीचा हात तिच्याइतका नव्हता, पण जीभ होती. तिने मुलांचे वर्ग काढले, मोठ्यांचे काढले, आणि एक दिवस पेढ्याशिवायच बातमी घेऊन आली.

"ताई, पुस्तक करायचंय. बारा मॉडेल्स. पानं कापा, दुमडा, चिकटवा. तू आराखडे करशील ना? मला कुठलं जमायला!"

थोरलीने वर्षभर संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर तेच केलं. पूल, गिरणी, घड्याळाचा मनोरा. एकट्या दीपगृहाच्या गोल जिन्याने तीन आठवडे खाल्ले. जेवणाच्या टेबलावर जेवायला जागा उरली नव्हती, म्हणून ती ताट मांडीवर घेऊन जेवायची.

छपाईच्या दिवशी धाकटी तिला प्रेसमध्ये घेऊन गेली. मालकाच्या टेबलावर पुस्तकाची नमुना प्रत पडली होती. मुखपृष्ठावर एकट्या धाकटीचं नाव. थोरलीने आतलं पान उलटलं. आभार मानले होते ते नवऱ्याचे, प्रकाशकांचे, विद्यार्थ्यांचे, आणि "ज्यांची नावं घेता आली नाहीत अशा सर्वांचे". तिने ते पान दोनदा वाचलं. धाकटी मालकाशी रंगाबद्दल बोलत होती.

तेवढ्यात मालक फोन घ्यायला बाहेर गेला आणि मशीनमन एक कोरं कार्ड घेऊन आला. साठीला टेकलेला, बोटं शाईने कायमची निळी पडलेली. त्याने कार्ड आधी उभं, मग आडवं वाकवून दाखवलं.

"बाई, कागदालाही लाकडासारखा धागा असतो. तुमच्या पानांवर तो घड्यांना आडवा येतोय. असं छापलं तर घड्या फुटतील. पानं फिरवून लावायला हवीत."

"किती वेळ लागेल?" धाकटीने विचारलं.

"आठवडा तरी."

"शनिवारी प्रकाशन आहे हो! पत्रिका गेल्यात." ती वळली. "ताई, तू सांग. तुझ्याइतकं कुणाला कळतं यातलं? चालेल ना?"

थोरलीने कार्ड हातात घेतलं. वाकवायचीही गरज नव्हती, मशीनमन खरं बोलत होता. तोंडात मिठाची गुळणी धरली असती तरी भागलं असतं, त्याने आपलं म्हणणं रेटलं असतं. पण ती बोलली.

"चालेल."

मशीनमनने तिच्याकडे पाहिलं. "नक्की?"

"नक्की."

पुस्तक थाटात आलं. दुसऱ्या आठवड्यात तक्रारी सुरू झाल्या. लोकांनी फोटो पाठवले. प्रत्येक घडीवर रंग तडकून आतला पांढरा कागद बाहेर आलेला. दीपगृह तर खरूज झाल्यासारखं दिसत होतं. प्रकाशकाने दुकानांतून प्रती परत मागवल्या आणि जाब विचारला. धाकटीने सांगितलं, मशीनमनने कागद उलटा लावला. प्रेसच्या मालकालाही कुणाच्या तरी डोक्यावर खापर फोडायचंच होतं. त्याने मशीनमनला काढून टाकलं. चोर सोडून संन्याशाला फाशी.

हे थोरलीला कळलं ते धाकटीच्याच तोंडून. ती घरी आली, चप्पलही न काढता खुर्चीत बसली.

"तुला माहीत होतं ना, ताई?"

"हो."

"मग का म्हणालीस चालेल म्हणून? मी तुझं काय घोडं मारलं होतं?"

"आभाराचं पान वाचलंस का तू स्वतः?"

धाकटीने आता चप्पल काढली. मग म्हणाली, "एवढ्यासाठी? अगं, मागितलं असतंस तर घातलं असतं नाव."

"मागायला हवं होतं का मी?"

"मला वाटलं, घरच्या माणसाला चालतं," धाकटी एवढंच म्हणाली, आणि डोळे पुसले.

"त्या माणसाचं काय?" थोरलीने विचारलं. "मालकाला खरं सांग."

"सांगू? मशीनमनने बजावलं होतं तरी मी छापून घेतलं, असं सांगू? प्रकाशक पुन्हा दारात उभं करेल का मला? आणि तुझंही नाव निघेलच की मग. हवं होतं ना तुला नाव?"

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून रजा घेऊन थोरली प्रेसमध्ये गेली. मालकाला पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. त्याने पंख्याचा वेग वाढवला, ऐकून घेतलं.

"त्याच्या जागी नवा माणूस आलाय, बाई. आता काय करता? तुमचं बहिणी-बहिणींचं भांडण घरात मिटवा."

मशीनमनचा पत्ता तेवढा त्याने दिला. तो एका शेडमध्ये खोकी बांधायच्या कामाला लागला होता. चपटी खोकी उभी करायची, चिकटपट्टी लावायची, रचायची. थोरली समोर उभी राहिली तरी त्याचे हात थांबले नाहीत.

"माझं चुकलं," ती म्हणाली. "मला माहीत होतं. मालकाला मी सांगून आलेय."

"परत बोलावलंय त्याने?"

"नाही."

त्याने आणखी एक खोकं उभं केलं. "तुम्ही कार्ड हातात घेतलं तेव्हाच मी ओळखलं होतं, तुम्हाला कळतंय म्हणून. म्हटलं, एवढा जाणता माणूस नक्की म्हणतोय, म्हणजे मीच चुकत असेन. छत्तीस वर्षांत पहिल्यांदा स्वतःवर शंका घेतली मी, बाई. तुमच्यामुळे."

"मी काय करू, सांगा."

"बाजूला व्हा. गाडी लागतेय मागे."

ती बाजूला झाली. टेम्पो मागे आला, दोघे जण खोकी भरायला लागले, आणि तो त्यांच्यात मिसळून गेला. ती थोडा वेळ उभी राहिली.

घरी पोचल्यावर, मालकाला सगळं सांगून आल्याचं कळवायला तिने धाकटीला फोन लावला. तिकडे बराच वेळ वाजत राहिला, उचलला नाही. थोरलीला त्याचं वाईट वाटायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर, तिला धाकटीच्या हातून सुटल्यासारखं झालं.