चिक्कीच्या घरातली चेटकीण

झिनतच्या पुस्तकाची सगळी चित्रं तयार होती, फक्त चेटकीण जमत नव्हती. गोष्ट जुनीच: जंगलात हरवलेले बहीण-भाऊ, गोडधोडाचं घर आणि त्यात राहणारी चेटकीण. झिनतने ते घर चिक्कीचं केलं होतं. पण म्हातारी काढायला घेतली, की परदेशी पुस्तकांतलं तेच बाकदार नाक कागदावर उतरायचं.

एकदा ती कर्जतहून कशेळ्याला गेली, तेव्हा बाजारात तिला जवळच्या वाडीवरची ठकूबाई दिसली. करवंदं विकता विकता म्हातारी गिऱ्हाइकाशी भांडत होती आणि भांडता भांडता हसतही होती. दातांचा पत्ता नव्हता, पण हसू तोंडभर.

"मावशी, तुमचं चित्र काढू?"

"काढ की गं. पन नीट काढ."

मग झिनत अधूनमधून तिच्या शेजारी कागद घेऊन बसू लागली. एके दिवशी ठकूबाईने विचारलं, "यात कोन हाय मी?"

झिनत चपापली. वाडीवर एखाद्या बाईला 'चेटकीण' हा शब्द चिकटला तर तिचे काय हाल होतात, हे तिला ठाऊक होतं. पण खोटं बोलवेना. तिने सगळी गोष्ट सांगितली, पोरं चेटकिणीला भट्टीत ढकलतात तिथपर्यंत.

ठकूबाई करवंदं निवडत राहिली.

"राग आला, मावशी? मी दुसऱ्या कुणाचं..."

"चेटकीन केलीस त्याचा राग नाय गं. पन त्या पोरांनी आदी तिचं घर खाल्लं ना? न इचारता?"

"ती त्यांना खाणार होती."

"तुजं घर कुनी खाल्लं तर तू काय त्यांना ओवाळशील?"

झिनतला हसू फुटलं. घरी जाऊन तिने शेवटची पानं फाडली. नव्या पानांवर चेटकिणीने दोघांचे कान धरले होते. भाऊ चुलीवर गूळ आटवत होता, बहीण चिक्की थापत होती आणि खाल्लेली भिंत पुन्हा उभी राहत होती.

"भट्टीशिवाय शेवटाला दम नाही," पुण्याहून संपादक समीक्षा फोनवर म्हणाली. "वाचक नाराज होतील."

"मुलांनाच विचारू. तू इकडे ये."

समीक्षा आली. कशेळ्याच्या शाळेत मुलं दाटीवाटीने बसली. ठकूबाईही नवं लुगडं नेसून हजर. झिनत पुस्तकाच्या कच्च्या प्रतीतून वाचू लागली. चेटकिणीचं पान उघडलं, तशा सगळ्या माना पुस्तकावरून ठकूबाईकडे वळल्या.

"आजी, ही तुमीच ना?" एका मुलीने विचारलं.

ठकूबाई उठून उभी राहिली. कमरेवर हात ठेवून गरजली, "व्हय! माजं घर कुनी खाल्लं रं?"

मुलं किंचाळली, एकमेकांच्या अंगावर पडली. भिंत बांधायचं पान आलं, तेव्हा तर कहर झाला. दार मी लावणार, खिडकी मी थापणार, म्हणून भांडणं जुंपली. भट्टीची आठवण कुणालाच झाली नाही. "परत वाचा! परत!" पोरांनी झिनतला दोनदा वाचायला लावलं.

समीक्षाने हसून हसून पाणावलेले डोळे पुसले. "शेवट हाच," ती म्हणाली.

दिवाळीच्या आधी पुस्तक छापून आलं. पहिली प्रत ठकूबाईला मिळाली. पुस्तक काखोटीला मारून ती वाडीकडे जाणाऱ्या जीपकडे गेली आणि सरळ पुढच्या सीटवर चढून बसली.

"म्हातारे, मागं बस," ड्रायव्हर म्हणाला.

ठकूबाईने पुस्तक उघडून त्याच्या नाकासमोर धरलं. "बघ कोन हाय ते! आता चालव गाडी."