आबांचा परतीचा डाव

"त्यांना लटकंसुदीक हरायला सांगू नगंस," असं सासूबाईंनी, कृष्णाबाईंनी, शूटिंगच्या पहिल्याच दिवशी बजावलं होतं. चंद्रकलेनं ते हसण्यावारी नेलं. सिनेमातलं हरणं वेगळं आणि खरं हरणं वेगळं, एवढं बी. ए. झालेल्या सुनेला कळत होतं. आबांना ते वेगळं वाटत नाही, हे मात्र तिच्या ध्यानात आलं नाही.

आबा म्हणजे तिचे सासरे, गोमा. वाघबकरीच्या खेळात त्यांचा हात धरणारा अख्ख्या मुठा खोऱ्यात कुणी नव्हता. कातळावर कोरलेला पट, वाघ म्हणून खडे, बकऱ्या म्हणून चिंचोके. आबा कायम बकऱ्या घेत आणि वाघांना असं कोंडत की हलायला जागा उरत नसे. त्यांच्यावर सिनेमा काढा, असं पत्र चंद्रकलेनंच मुंबईला धाडलेलं. यंदा, ब्याऐंशीच्या माघात, मंडळी खरंच आली. म्हातारपणचे आबा खुद्द आबाच करणार होते.

सिनेमाच्या शेवटी त्यांनी जयसिंग नावाच्या नटाकडून हरायचं होतं. "नायक हरल्याशिवाय प्रेक्षक रडत नाही," दिग्दर्शक म्हणाला.

आबांनी जयसिंगचे वाघ पाच वेळा कोंडले. दिग्दर्शकानं कपाळावर हात मारला. उन्हात चंद्रकलेच्या कडेवरची तिची लेक पारू रडून लालबुंद झालेली.

"आबा, माझ्यासाठी हरा हो एकदा!" चंद्रकला वैतागून म्हणाली. "खोटंच तर आहे."

"पटावर खोटं कुटं असतंय, पोरी?" म्हणत आबांनी एकेक बकरी वाघांच्या तोंडी दिली.

टाळ्या पडल्या, गाड्या गेल्या. दुसऱ्या सकाळी आबा घोंगडी घेऊन वेशीवरच्या एसटी थांब्यावर जाऊन बसले. वाडीची रीतच तशी: हरलेल्यानं परतीच्या डावासाठी जिंकणाऱ्याची वाट वेशीवर बघायची, तोवर घरात जेवायचं नाही. आबांनी जन्मभर हरलेल्यांना दुसऱ्याच दिवशी जाऊन उठवलं होतं. स्वतः कधी बसले नव्हते.

"आवं, त्यो नट हाय! त्याला खेळता बी येत न्हाई!" कृष्णाबाई ओरडल्या.

"हरवलंय न्हवं मला? मग येईल."

चंद्रकलेनं जयसिंगला तीन पत्रं लिहिली. उत्तरादाखल त्याचा सही केलेला फोटो आला. आबांनी तो उलटसुलट करून पाहिला.

"ह्यात कवा येतो ते कुटं लिवलंय?"

तिनं डोकं धरलं.

आज एकविसावा दिवस. वाडीतल्या पोरांहाती धाडलेला डबा अर्धा भरलेलाच परत येतो, खोकला छातीत उतरलाय, आणि डॉक्टरकडे चला म्हटलं तर "तेवढ्यात त्यो आला मंजी?" हे ठरलेलं उत्तर. त्यात पारूला गोवर निघालाय, सासूबाईंचे गुडघे धरलेत, नवरा घोटावड्याला कामावर. चंद्रकलेला उंबरा ओलांडता येत नाही.

म्हणून तिचं तुम्हालाच सांगणं आहे. मुठ्याच्या एसटीनं येणार असाल तर वेशीवर घटकाभर उतरा. अंगावर घोंगडी आहे का, भाकरी खाल्लीय का, श्वासाला घरघर लागलीय का, एवढं तरी बघून या.