चौथ्या मजल्यावरची काच

माझ्या नवऱ्याचं, शिरीषचं, इथे परदेशात, कापेल गावातलं ऑफिस मला नुसता सिमेंटचा खोका वाटायचं. "एकदा त्याचं चित्र काढ ना," तो म्हणायचा. "त्यात काय काढायचंय, डोंबल!" मी उडवून लावायचे.

२०१२ साली तो गेला. पाठोपाठ कंपनीनंही इमारत सोडली. पाच वर्षांत भिंतींवर शेवाळ चढलं, गंजाचे ओघळ उतरले, काचा फुटल्या. आता मी रोज समोर सायकल लावून तेच रंगवत बसते. इतकं देखणं काही मला आधी दिसलंच नव्हतं.

काल मुलगी, संहिता, चित्र न्याहाळत म्हणाली, "आई, चौथ्या मजल्यावरची बाबाची काच तू अख्खी काढलीयस. तीपण ब्रोकन आहे."

"राहू दे," मी म्हणाले. "बाबाला थंडी सोसत नाही."