पलंगाशी थांबणारे इंजिन

मुलुंडच्या एका घरात मी दिवाणखान्यात धावत असे आणि आतल्या खोलीत, नंदकुमारांच्या पलंगाशी, थांबत असे.

मित्रांनो, मी तळहाताएवढे पितळी इंजिन आहे. आता जुने झालेले. नंदकुमार कारखान्यात यंत्रांचे सुटे भाग घडवीत. निवृत्त झाल्यावर त्यांनी मला घडवले. माझ्या पोटात मोटर आहे. तिच्या दांड्यावरचे आटे एका दातेरी चाकाला फिरवतात आणि ते चाक माझ्या आसाला. हे सारे एका लहान डबीत बंद असते. तिला गिअरबॉक्स म्हणतात. दर गणेशोत्सवात सोसायटीच्या मखराभोवती मी फिरत असे, आणि आरतीला आलेली मुले देवाआधी मला पाहत.

पुढे नंदकुमारांचे हृदय दुबळे झाले आणि मी कपाटात गेले. तिथे मला कोणी विचारले नाही. या मे महिन्यात त्यांच्या पत्नीने, रत्नप्रभाबाईंनी, मला बाहेर काढून साफ केले. दिवाणखान्यात मी सुरळीत धावले. मग पलंगाशेजारी रूळ मांडून मला तिथे उभे केले. दुपारी नंदकुमार झोपून उठले, कळ दाबली. मोटर गुरगुरली, पण चाके हलली नाहीत. मला पुन्हा बाहेर नेले. घरातल्यांचा चहा होईतो मी धावू लागले. रोज असेच घडू लागले.

"ह्येका कळता," रत्नप्रभाबाई मुलीला हळूच म्हणाल्या. "माणसाचा काय होवचा असता, ता मुक्या वस्तूक आधी कळता."

नंदकुमारांनीही तेच धरले. डॉक्टरांना शस्त्रक्रियेसाठी त्यांचा होकार हवा होता.

"नको म्हणून कळव, अक्षता," ते म्हणाले. "मीच घडवलंय त्याला, आणि माझ्यापाशीच थांबतं. आणखी काय सांगायचं बाकी ठेवलंय त्याने?"

अक्षता पदार्थविज्ञान शिकवते. "बाबा, इंजिनाला काही कळत नाही. तुम्हाला कळतं ना?"

ती म्हणाली ते खरे आहे. माझ्या पोटात काय अडले आहे, हेही झाकण उघडल्याखेरीज मला सांगता येत नाही.

तिने दोन्ही खोल्यांतला वीजदाब मोजला. तो सारखाच होता. रूळ पुसले. मला दिवाणखान्यात उघडले. दाते शाबूत होते, तेल पातळ होते, चाक बोटाने सहज फिरत होते. तिला काहीच सापडले नाही. मग तिच्या ध्यानात आले की, मी जिथे बिघडत नव्हते, तिथेच ती मला तपासत होती.

दुसऱ्या दिवशी मी थांबल्यावर तिने मला बाहेर नेलेच नाही. वडिलांच्या मांडीवर वर्तमानपत्र पसरून तिने मला तिथेच उघडले.

"एसी चालू राहू दे, बाबा. आणि चष्मा लावा."

वेगळी काढलेली मोटर निर्वेध फिरली. चाक मात्र जागचे हलेना. दात्यांमध्ये पांढरे, मेणासारखे काहीतरी बसले होते. नंदकुमारांनी ते नखाने खरवडून बोटांत चोळले. ते विरघळले. त्यांनी वास घेतला.

"रत्ना, यात तेल कुठलं घातलंस?"

"गावच्या घाण्याचा," त्या दारातून म्हणाल्या. "करकरत होता, म्हणान घातलंय. शिवणाच्या मशीनीक ताच घालतंय मी. ती कधी थांबली?"

"तुझी मशीन एसीत असते का गं?"

नंदकुमारांनी बोटे वर्तमानपत्राला पुसली.

"म्हणजे खोबरेल गोठलं म्हणून मी मरायला निघालो होतो," ते म्हणाले. "डॉक्टरांना फोन लाव, अक्षता. तारीख घे."

मित्रांनो, माझे मागणे मोठे नाही. यंत्राला त्याचेच तेल द्या. आणि ते थांबले तर त्याचा अर्थ लावण्याआधी, जिथे थांबले तिथेच ते उघडून पाहा.

बाहेर उकाडा होता. आतली खोली वीस अंशांपर्यंत थंड केलेली असे. खोबरेल तेल साधारण चोवीस अंशांखाली घट्ट होते. ते माझ्या दात्यांमध्ये होते, म्हणून मी थांबत होते.