सावलीत चालणारी बाई

नांदेडला डॉ. मन्मथ यांच्याकडे एक जाड वही होती. मल्टिपल स्क्लेरोसिसच्या ज्या रोग्यांना उन्हाचा त्रास जास्त होतो, त्यांच्या नोंदी तीत होत्या. नसांवरचं वेष्टण झिजवणारा हा रोग ओळखणारं त्या मुलखात दुसरं कुणी नव्हतं. वहीतल्या नोंदी दोन नंबरापासून सुरू होत. पहिलं पान कोरं होतं.

ते पान जगदेवीचं होतं.

बहात्तरच्या दुष्काळात मन्मथ नुकतेच डॉक्टर होऊन लातूरजवळच्या दुष्काळी कामावर आले होते. रस्त्यासाठी हजारभर माणसं खडी फोडत होती. दुपार झाली की जगदेवी हातोडा ठेवायची. पाय उचलत नाहीत, डोळ्यांपुढं धुकं येतं, म्हणायची. घटकाभर लिंबाखाली बसली की पुन्हा चालू लागायची.

"ढोंगं करून राहिली," तिला मन्मथपुढं आणून मुकादम म्हणाला. "उन्हात पांगळी अन् सावलीत चांगली, असा कुठं आजार असतो व्हय?"

कंपाउंडर खाजामियाँ हळूच बोलले, "साब, दोन दिवस बघू. बाई झूट बोलणारी न्हाई."

पण रोग्यांची रांग लांब होती. मन्मथनी तिच्या गुडघ्याखाली ठोकून बघितलं. पाय ताडकन उडाला. "एवढा जोर आहे की पायात!" ते हसले आणि लिहून मोकळे झाले : प्रकृती ठणठणीत, कामास योग्य.

पुढं ते मुंबईला शिकायला गेले. पाय तसा उडणं हीच या आजाराची एक खूण, अंग तापलं की लक्षणं वर येतात, हे तिथं कळलं. जाऊन सांगू, सांगू म्हणता दहा वर्षं सरली. तेवढ्यात याच रोगाचे डॉक्टर म्हणून ते नावाजले.

ब्याऐंशीत लातूर जिल्हा झाला आणि मन्मथ दर गुरुवारी नांदेडहून एसटीनं तिथं रोगी तपासायला येऊ लागले. पहिल्याच गुरुवारी खाजामियाँ भेटले.

"ती बाई कुठं असते हो?"

"औश्याच्या अंगाला. जिती हाय, साब. चालत न्हाई."

दोघं गेले. जगदेवी पडवीत बाजेवर होती, पाय लाकडासारखे ताठ. अंगणात सासू शरणम्मा तूर निवडत होती.

"ओळखलं का, बाई?"

"हाव. तुमीच न्हाई का माझा पाय उडवला?"

मन्मथनी काही हातचं राखलं नाही. घाई केली, रांग लांब होती, ढोंग नव्हतं, आजारच होता, सगळं सांगितलं.

"मग तवा औषीद होतं का?"

"बरं करणारं नव्हतं. पण उन्हातून उठवता आलं असतं."

जगदेवी म्हणाली, "मला वाटलं, डाक्टर खोटं कशाला लिहील? मीच आळशी. म्हणून भर उन्हात दुप्पट खडी फोडली. पडायची, उठायची." मग तिनं अंगणाकडं बोट केलं. "आत्याला सांगा. दहा वर्सं ढोंगी म्हणून राहिल्या. कानानं कमी हायत, मोठ्यानं सांगा."

मोठमोठ्या सभांत बोलणारे मन्मथ अंगणात उभं राहून ओरडले. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा शेजारच्या बाया कुडापाशी आल्या आणि त्यांचा आवाज फाटला.

शरणम्मानं सूप खाली ठेवलं. "मग तवाच का न्हाई सांगितलं?"



पडवीतून जगदेवी ओरडली, "रांग लई लांब होती, आत्या!"