बिनदातांचं गाडं

दात

गिअरचे दात मोडले. पुन्हा.

माकणीच्या ओढ्यात मागचं चाक वाळूत रुतलं, इंजिनानं जोर लावला आणि पेटीतून दाढ उपटल्यासारखा आवाज आला. महांतप्पानं झाकण काढलं. ओतीव चाकाचे चार दात तेलात पडले होते. लढाई चालू. असलं चाक मुंबईत मिळेना, मग निजामाच्या मुलखात कोण देणार? गावच्या लोहारानं हौसेनं ओतून दिलेलं होतं, हौसेनंच मोडलं.

काठावर त्याचा थोरला भाऊ गुंडप्पा उभा. माकणीत त्याची धान्याची अडत. गळ्यात चांदीच्या डबीत लिंग, हातात छत्री. पाऊस नसला तरी छत्री.

"म्हातारं झालं की तुझं गाडं. दात पडले."

"अण्णा, ते लोखंडच कच्चं..."

"ऐक. येळवसच्या सणाला आंबील ह्या गाड्यावर शेतात आली, तर छपरी तुझी. न्हाय आली, तर इंजन विहिरीवर आन तू माझ्या शेजारी गादीवर. तराजू धरायचा. गप बसायचं."

छपरी म्हणजे घरामागचं कुडाचं शेड. त्यात अडीच घोड्यांचं इंजिन, टमटमीची दोन जुनी चाकं, पुढं एक लहान चाक, आणि हैदराबादेतलं शिक्षण अर्धं टाकून आलेला महांतप्पा. हे सगळं जोडून जे होतं त्याला गाव गाडं म्हणायचं. छपरी गेली की महांतप्पा उरणार नव्हता. गादीवर बसलेला दुसराच कोणी असता.

पण त्या घडीला तो ऐकतच नव्हता. हातातल्या दाताकडे बघत होता.

दात आहेत म्हणून मोडतात.

नसलेच तर?

पितळी

पितळी म्हणजे जेवायचं ताट. त्याची बायको रुद्रम्मा भाकरी थापत होती. त्यानं पितळी उचलली, वर तिची सुई ठेवली, खालून घोड्याच्या नालेसारखा चुंबक फिरवला. बंद पडलेल्या लॉऱ्यांच्या मॅग्नेटोंमधून, ठिणगी पाडायच्या डब्यांमधून, असे चुंबक तो काढून आणायचा. खाटेखाली ढीग होता. चुंबक डावीकडं, सुई डावीकडं. चुंबक गोल, सुई गोल.

"शिवलेलं नाही! मधे पितळ आहे! बघ, बघ, तरी ओढतंय!"

"सुई माझी हाय."

"रुद्रा, दात नको. दाताच्या जागी चुंबक. एका चाकानं दुसऱ्याला न शिवता ओढायचं. काय मोडणार? मोडायला काही नाहीच!"

रुद्रम्मानं भाकरी उलटली. "मंग दाबून जोर आला की?"

तो थांबला.

"सुटेल," तो म्हणाला. "सुटेल आणि परत धरेल."

"भांडल्यावर तुमी करता तसं."

"तसंच!" तो ओरडला, आणि सुई चुलीत पडली.

दोन आणि दहा

बब्रुवान सुतार. अख्ख्या शिवारातल्या बैलगाड्यांची चाकं त्याच्या हातची. कानावर पेन्सिल, तोंडात पान. त्याच्या अंगणात महांतप्पानं काठीनं मातीत एक लहान गोल काढला, भोवती एक मोठा.

"मामा, आतलं चाक इंजिनाच्या दांड्यावर. त्यावर दोन चुंबक. बाहेरचं कडं मोठं, त्यात दहा, तोंडं आत केलेली. आतलं पाच वेळा फिरेल तेव्हा बाहेरचं एकदा. वेग कमी, जोर जास्त. बाहेरच्या कड्यावरून पट्टा मागच्या चाकाला. झाला गिअर!"

"आन ह्या दोघांच्या मधी?"

"काही नाही. हवा."

"हवा." बब्रुवाननं पिंक टाकली. "मालक, हवेवर गाडी चालवायला आमाला साडेसाती लागली का काय?"

पण कडं त्यानं केलं. बाभळीचं, गुळगुळीत, रंधा मारून. वर लोखंडी धाव तापवून चढवायला निघाला तेव्हा महांतप्पानं त्याचा हातच धरला. "तापवू नका! तापलं की चुंबकाचा जीव जातो. थंडच बसवा. पाचरी मारा."

"धाव थंडी बसवायची. चाक हवेवर. लगीन बिननवरीचं."

बसवलं. इंजिन चालू. टोपणभर पेट्रोल, मग रॉकेल. आतलं चाक गरगर फिरलं.

बाहेरचं थरथरलं.

फिरलं नाही.

नुसतं थरथरत राहिलं, थंडीत भिजलेल्या वासरासारखं.

बारा

दोनाची ओढ एका तालात, दहाची दुसऱ्या. त्यांचं जुळेना. मधे कोणीतरी दुभाषा हवा. महांतप्पा स्वतः घरात आईशी कानडी, बाजारात मराठी, कचेरीत उर्दू बोलायचा. दुभाष्याशिवाय काही चालत नाही हे त्याला माहीत होतं.

लोखंडाचे तुकडे! दोन चाकांच्या मधे, तिसऱ्या लाकडी कड्यात बसवलेले. ते कडं गाड्याला खुंटीनं जखडलेलं, न फिरणारं. आतली ओढ लोखंड उचलेल, बाहेरच्याला समजेल अशी करून देईल.

"किती तुकडे?" बब्रुवान.

"बाहेर दहा, तर मधेही दहा. दहाला दहा."

बब्रुवाननं मान हलवली. ती होकाराची नव्हती. ते महांतप्पाला येळवसच्या सकाळी कळलं.

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. त्या सकाळी गाव शेतात जातं. ज्वारीत कडब्याची कोप उभी करायची, आत चुना लावलेले पाच दगड, ते पांडव. त्यांची पूजा, मग उंडे, भज्जी आणि आंबील. गुंडप्पा पोरंबाळं घेऊन पहाटेच गेला होता. घरी रुद्रम्मा, आंबिलीचं मडकं आणि छपरीत गाडं.

बब्रुवान मधलं कडं घेऊन आला. महांतप्पानं तुकडे मोजले. पुन्हा मोजले.

"बारा?"

"बारा."

"दहा सांगितले होते!"

"चाकाला आरे बाराच असत्यात. घेराचे सहा तुकडे, तुकड्याला दोन आरे. माझ्या बापानं बारा केले, त्याच्या बापानं बारा. धा आऱ्यांचं चाक म्या करीत न्हाय. मालक, लोक काय म्हणतील?"

"हे चाक नाही मामा! हे फिरतच नाही!"

"फिरत न्हाय त्येला चाक का म्हनू मंग? तुमीच चाक म्हनलात!"

महांतप्पा खाली बसला. नवं कडं करायला दिवस गेला असता, आणि दिवस हाच होता. शेतात भाऊ आंबिलीची वाट बघत होता. गादीवर तराजू वाट बघत होता.

"बसवा," तो म्हणाला. "बसवा बारा. निदान बघून रडू."

बसवलं. खुंटी ठोकली. इंजिन.

आतलं गरगर.

बाहेरचं

बाहेरचं

फिरलं!

सावकाश, जड, थरथर नाही, खडखड नाही. न शिवता! मधे बोटभर फट, फटीतून पलीकडचा कूड दिसत होता आणि कडं फिरत होतं. महांतप्पानं धाव दोन्ही हातांनी धरून बघितली. कडं त्यालाच ओढायला लागलं.

"का? का फिरलं?" त्यानं इंजिन बंद केलं. दोन तुकडे उपसले. दहा. इंजिन चालू. मेलं, थरथर. बंद. दोन परत. चालू. जिवंत!

"दोन," तो म्हणाला. "दहा." त्यानं बब्रुवानचे दोन्ही खांदे धरले. "दोन आणि दहा किती?"

"म्या शाळेत गेलो न्हाय."

"बारा! बेरीज! दुभाष्याला दोघांचंही मोजावं लागतं! मामा, तुमचा आजोबा..."

"त्येला कशाला मधी आनता?"

उलटं

रुद्रम्मा दारात, डोक्यावर मडकं. "फिरतंय ते दिसलं. पर तिकडं कुठं?"

तेव्हा दोघांनी बघितलं. इंजिन सुलटं फिरत होतं. कडं उलटं.

पट्टा चढवला, गाडं जमिनीवर टेकवलं. गाडं मागं निघालं. थेट कुडाकडं.

"थांबवा, थांबवा!"

थांबलं. इंजिन उपटून उलटं बसवायचं तर संध्याकाळ झाली असती. महांतप्पा घामाघूम.

रुद्रम्मानं मडकं उतरवलं. "भावजी काय म्हनले व्हते? नीट सांगा."

"आंबील गाड्यावर शेतात आली तर."

"तोंड कुठं पायजे ते म्हनले का?"

"...नाही."

ती मागच्या फळीवर चढून बसली, गावाबाहेरच्या वाटेकडं तोंड करून. मांडीत मडकं. "आता हेच पुढं. तुमी मान मोडा, म्या वाट सांगते."

वाट

डावीकडं! उजवीकडं म्हंजी माझं उजवं, तुमचं न्हवं! बाभूळ! बाभूळ! वाकलात का? म्हस हाय. म्हस बघती. बघू द्या. खड्डा! आंबील सांडली की पांडव उपाशी राहत्याल, बेतानं! अवो, केवढं गुपचाप चालतंय हे! इंजन ओरडतंय, पर पोटात काय वाजतच न्हाय! मामा, पळू नका, बसा की! न्हाय म्हनतात. भ्यालेत. उतार आला. ओढा आला. ओढा!

टक

ओढा. तीच वाळू.

मागचं चाक, म्हणजे आता पुढचं, रुतलं. इंजिनानं जोर लावला. महांतप्पानं डोळे मिटले. इथंच दाढ उपटल्यासारखा आवाज येतो.

टक.

टक. टक. टक. टक.

आतलं चाक फिरत होतं, बाहेरचं थांबलं होतं. चुंबक सुटत होते आणि परत धरत होते, सुटत होते, धरत होते. मोडायला काही नव्हतंच.

"उतर!" तो ओरडला. "रुद्रा, उतर, हलकं कर!"

ती मडकं डोक्यावर घेऊन गुडघाभर पाण्यात उतरली. महांतप्पा खाली उडी मारून चालत, एका हातानं लहान चाक वळवायचा दांडा धरून.

टक. टक. ट...

धरलं!

गाडं वाळूतून वर आलं, पाणी गाळत, उलटं, काठावर. बब्रुवान पलीकडून शिव्या आणि शाबासकी एकाच दमात देत होता. खुंटी तडकली होती, ती कोणी बघितली नाही. थंड बसवलेल्या पाचरी ढिल्या झाल्या होत्या, त्याही नाही. रुद्रम्मा ओल्या लुगड्यानं फळीवर चढली. चल!

हात

ज्वारीच्या ताटांमधून एक बाई मांडीत मडकं घेऊन बसल्या बसल्या येताना दिसली. बाईच्या मागं गाडं. गाड्यावर मान मुरगळलेला महांतप्पा.

गुंडप्पा कोपीपुढं उभा राहिला. छत्री मिटली.

"आली!" महांतप्पा ओरडला. "अण्णा, आंबील आली!"

"उलटी?"

"पर आली!" रुद्रम्मा.

"थांबव मंग!"

थांबेना. ओढ्यात भिजलेली इंजिनाची कळ चिकटली होती. गाडं सरळ कोपीकडं चाललं, चुना लावलेल्या पाचही पांडवांवर.

गुंडप्पानं छत्री टाकली. उतारावर सुटलेली बैलगाडी चाक धरून थांबवतात, तसं त्यानं दोन्ही हातांनी बाहेरचं कडं धरलं. पाय काळ्या मातीत रोवले. कडं थांबलं. पट्टा थांबला. गाडं थांबलं. कोपीच्या कडब्याला फळी टेकली, बस.

कडाक्!

खुंटी मोडली.

"दात पडला व्हय?" गुंडप्पा दात चावून म्हणाला. "म्या म्हनलं व्हतं..."

महांतप्पानं गाड्यावरून उडी मारली होती. तो वाकून आत बघत होता. बाहेरचं कडं भावाच्या हातात गच्च. मग मधलं, बब्रुवानचं, बारा आऱ्यांचं, खुंटीतून सुटलेलं, फिरत होतं. सावकाश. जड.

इंजिन ज्या बाजूला, त्याच बाजूला.

सुलटं!

"बाहेरचं धरलं तर मधलं सुलटं," तो पुटपुटला. मग मोठ्यानं. "मधलं धरलं तर बाहेरचं उलटं! मामा! पुढं जायचं आणि मागं जायचं, एकाच पेटीत! एक धरायचं, दुसरं सोडायचं! दात न बदलता! दात नाहीतच!"

बब्रुवान धापा टाकत पोचला होता. "आरे फिरले?" त्यानं आत डोकं घातलं. "फिरले! म्हनलं व्हतं का न्हाय, चाक हाय म्हनून!"

"आरं, हात भरून आले," गुंडप्पा म्हणाला. "सोडू का?"

"नाही!" तिघं एकदम.

महांतप्पा पट्टा काढून मधल्या कड्यावर चढवायला लागला, बोटं भाजत, हसत. गुंडप्पा कडं धरून उभा. पागोटं एका कानावर आलेलं. हाताखालून येणारी ती गुबगुबीत ओढ त्याला जाणवत होती. दाताची कचकच नव्हती. जिवंत जनावराचा कासरा धरल्यासारखं काहीतरी होतं. त्यानं एकदा मुद्दाम पकड थोडी ढिली केली आणि परत आवळली.

रुद्रम्मानं पदर सावरला. "भावजी, छपरीचं?"

"आधी मला सोडवा."

"आधी छपरीचं."

गुंडप्पानं भावाकडं बघितलं. भाऊ मातीत गुडघ्यावर बसून पट्ट्याशी झटत होता.

"छपरीला दार बसवून घे म्हनावं त्येला," तो म्हणाला. "हिवाळ्यात लई वारा येतो. आन विहिरीला..." कडं त्याच्या हातात थरथरलं. "विहिरीला दुसरं बघू. महांता, झालं का?"

"झालं! अण्णा, आता घट्ट! गाडं पुढं निघेल, तुम्ही बरोबर चालायचं. अजिबात हात सोडू नका!"

"आरं, किती लांब?"

पट्टा बसला. बारा आरे फिरले. गाडं आपल्या खऱ्या तोंडानं, ज्वारीकडं, गावाकडं निघालं, आणि माकणीचा अडत्या गुंडप्पा दोन्ही हातांनी चाक धरून त्याच्या बाजूनं तिरका तिरका पळायला लागला.