उजव्या हातातली पानं

ज्या घरात पुस्तक नाही ते घर नव्हे, यावर दोन्ही जावांचं एकमत होतं. पुस्तक कसलं असावं, यावर मात्र लग्न होऊन त्या घरात आल्यापासून त्यांचं कधी जमलं नाही.

थोरलीला एका पुस्तकात सुरू होऊन त्याच पुस्तकात संपणारी कादंबरी लागे. लेखकाला जे सांगायचं आहे ते त्यानं नीट सांगावं आणि उठावं. निरोप घेऊन झाल्यावर पायांत चपला घालून दारातच तासभर बोलत उभा राहणारा पाहुणा आणि दुसरा खंड काढणारा लेखक यांत तिला फरक दिसत नसे. ती टेलिफोन केंद्रात मुख्य पर्यवेक्षक होती. ठरलेला वेळ संपला की पलीकडे कुणी रडत असो वा हसत असो, जोडणी तोडायची. हे तिनं नोकरीभर केलं आणि नव्या मुलींना दटावून शिकवलं. निवृत्तीनंतरही तिचा आवाज तसाच खणखणीत राहिला आणि घर त्या आवाजावर चालत राहिलं.

धाकटी शाळेत शिवण शिकवत असे आणि वाचत असे मालिका. पाच खंड, सात खंड, जितके अधिक तितकं बरं. माणसं ओळखीची झाली की त्यांना हाकलून द्यायचं आणि पुन्हा नव्या परक्यांशी पहिल्यापासून ओळख करायची, हा कसला सोस, असं ती विचारी. थोरली म्हणे, "तुझ्या त्या लोकांना कामधंदा नाही, म्हणून ते नऊ-नऊ खंड पुरतात." धाकटी म्हणे, "आणि तुमचे लोक जेवायच्या आधीच मरतात." दिवस तसे बरे गेले.

मग धाकटीचे डोळे गेले. आधी ओळीच्या मधले शब्द पुसट झाले, मग ओळ गेली. डॉक्टरांनी सांगितलं, कडा राहतील. म्हणजे दार दिसेल, पण दारात कोण उभं आहे ते दिसणार नाही. त्या वेळी ती एका नदीकाठच्या नावाड्यांच्या घराण्यावरची नऊ खंडांची मालिका वाचत होती आणि पाचव्या खंडाच्या मध्यावर होती. त्या घराण्यातली एक मुलगी, सगळे तिला टिटवी म्हणत, पहिल्या खंडाच्या शेवटी बापाशी भांडून घर सोडून गेली होती. बापानं तिच्या तोंडावर दार लावून घेतलं होतं. ती परत येते का आणि आली तर ते दार उघडतं का, एवढंच धाकटीला हवं होतं. डोळे गेल्याचं तिनं कुणापाशी रडगाणं गायलं नाही. टिटवीचं नाव मात्र ती रोज काढी.

मालिका जुनी, तिचं ध्वनिमुद्रण कुणी केलेलं नव्हतं. थोरलीची सून कामावरून दमून येई आणि औषधाच्या बाटलीवरची सूचना वाचावी तसं वाचे. दोन पानांनंतर धाकटीनंच तिला सोडवलं. राहिली थोरली. तिनं अट घातली: एक दिवस तुझी मालिका, एक दिवस माझी कादंबरी. धाकटी कबूल झाली. खिडकीशी दोन खुर्च्या मांडल्या गेल्या. खाली सायकल दुरुस्तीचं दुकान होतं; तिथली ठोकाठोक थांबली की थोरलीचा आवाज रस्त्यापर्यंत जाई.

थोरलीची एक कादंबरी होती, जी ती दर वर्षी वाचत असे. कुलपं बनवणाऱ्या एका माणसाची विधवा त्यानं बांधलेलं घर खोलीखोलीनं बंद करत जाते, शेवटी बाहेरच्या दाराला कुलूप घालते, किल्ली विहिरीत टाकते आणि मागे न बघता चालू लागते. तिथे पुस्तक संपतं. त्या शेवटच्या वाक्यानंतर एक कोरं पान आहे. थोरली तेही पान थोडा वेळ उघडं ठेवी, कारण तिच्या मते ते त्या कादंबरीचं सर्वांत उत्तम पान होतं.

तेच शेवटचं वाक्य तिनं त्या दिवशी धाकटीला वाचून दाखवलं आणि कोरं पान उघडं ठेवलं.

धाकटीनं थोडा वेळ वाट पाहिली. "मग?"

"मग काय? संपलं."

"असं कसं संपलं, जाऊबाई? किल्ली टाकली ते ठीक. पण रात्री झोपली कुठे? बरोबर काही घेतलं का तिनं? चष्मा तरी?"

थोरलीनं पुस्तक मिटलं. रागावली की ती फार नीट वागत असे. त्या संध्याकाळी तिनं धाकटीच्या ताटात स्वतः वाढलं.

दुसऱ्या दिवशी मालिकेची पाळी होती. थोरलीनं पाचवा खंड घेतला, खुणेची फीत लावलेलं पान उघडलं, पहिला परिच्छेद होता तसा वाचला आणि मग आवाजात तसूभरही फरक न करता पुस्तकात नसलेली वाक्यं वाचू लागली. पहाटे टिटवीनं एकटीनंच नाव सोडली. नदीच्या वरच्या अंगाला पाऊस झाला होता, ते तिला कुणी सांगितलं नव्हतं. वळणावर पाणी अंगावर आलं. नाव सापडली, मग टिटवी सापडली. वाईट बातमी माणसं किती थोडक्यात सांगतात हे थोरलीनं नोकरीत रोज ऐकलं होतं. तिनं एकही शब्द जास्त घातला नाही.

धाकटीचे हात मांडीवर होते तसेच राहिले. तिनं विचारलं, "तीच होती का नक्की? कधी कधी दुसरंच कुणी निघतं."

"तीच. हातातल्या कड्यावरून बापानं ओळखली."

ते कडं धाकटीला चांगलं आठवत होतं. दुसऱ्या खंडात ते विकायची वेळ आली होती आणि टिटवीनं विकलं नव्हतं. थोरलीनं ते मुद्दाम लक्षात ठेवलं होतं.

"आणि पुढचे चार खंड?"

"भावांच्या पोरांचे. तुला काय करायचंय त्यांचं? उद्यापासून माझ्या कादंबऱ्या वाचू."

"बरं," धाकटी म्हणाली. "जरा द्या बघू ते हातात."

थोरलीनं खंड तिच्या हातात दिला. तिथे ती चुकली. जन्मभर वाचणाऱ्या माणसाला पुस्तक किती उरलं आहे हे बघावं लागत नाही. डावा हात भरत जातो आणि उजवा रिता होत जातो. धाकटीनं फितीशी पुस्तक उघडलं. डाव्या अंगठ्याखाली जेवढी पानं होती तेवढीच उजव्याखाली होती. जी एवढ्यात मेली आणि जिच्या मागे सांगण्यासारखं काही उरलं नाही, तिच्यासाठी कुणी अर्धा खंड लिहीत नाही. तिनं पुस्तक मिटून परत दिलं आणि आभार मानले.

संध्याकाळी सून घरी आली तेव्हा धाकटीनं तिला जवळ बोलावलं, खंड उघडून पुढं केला आणि विचारलं, "वाचून सांग गं. टिटवी बुडाली का?"

सुनेनं पान वाचलं. मग तिनं सासूच्या तोंडाकडे पाहिलं. थोरलीनं मान एकदाच हलवली. त्या घरात तेवढं पुरत असे.

"हो, काकू. बुडाली."

धाकटीला मान हललेली दिसली नाही. उत्तराला लागलेला वेळ तिनं ऐकला.

त्यानंतर तिनं टिटवीचं नाव काढलं नाही. थोरलीला वाटलं, विषय संपला. आपण एक लांबलेली जोडणी तोडली, पलीकडची बाई थोडी रडली असेल, उद्या विसरेल. पण दुपारच्या चहाला धाकटी सहज म्हणाली, "तुमची ती कुलूपवाली दुसऱ्या दिवशी परत आली, बरं का."

"कोण?"

"तीच हो. चष्मा आत राहिला होता. किल्ली विहिरीत. मग तिनं बाजारातून एक कुलूप तोडणारा आणला. तो म्हणतो, बाई, कुलूप मजबूत आहे, कुणी बनवलं? ही म्हणते, माझ्या नवऱ्यानं. तो म्हणतो, मग नवऱ्यालाच बोलवा."

थोरलीनं कप खाली ठेवला आणि हा वाह्यातपणा बंद करायला सांगितलं. धाकटी म्हणाली, मी कुठे वाचतेय, नुसतं बोलतेय. दुसऱ्या दिवशी तो कुलूप तोडणारा जेवायला थांबला. मग त्याचा भाचा राहायला आला, कारण घरात खोल्या भरपूर आणि सगळ्या रिकाम्या. कुलूपवालीचे गुडघे धरले. तिला त्या भाच्याचं घोरणं सहन होईना, पण बोलायची चोरी, कारण बाजारहाट तोच करी. जी बाई मागे न बघता चालत गेली होती ती आता दिवसभर खोलीखोलीतून आपला रुमाल शोधत फिरू लागली. धाकटी हे सगळं शांतपणे, शिवण घालावी तसं एकेक टाका घेत सांगे, आणि ते इतकं खरं वाटे की थोरली उठून जाऊ शकत नसे.

एका सकाळी थोरलीनं आपली कादंबरी काढली. शेवटचं वाक्य वाचलं, कोरं पान उघडलं, आणि त्या पानावर तिला भाचा घोरताना ऐकू आला. तिनं पुस्तक मिटलं, पुन्हा उघडलं. तो होताच.

ती तशीच उठून धाकटीच्या खोलीत गेली. "टिटवी बुडाली नाही," ती म्हणाली. "ते मी माझ्या मनचं वाचलं. आता खरं वाचते, शेवटपर्यंत. तू त्या बाईचं थांबव."

"बुडाली नाही ते मला ठाऊक आहे," धाकटी म्हणाली, पण तिचा चेहरा इतका उजळला की थोरलीनं दुसरीकडे पाहिलं. "वाचा. एवढं ऐकवा, मग मी तुमच्या कुलूपवालीचं नाव काढणार नाही."

थोरलीनं शब्द पाळला. जन्मभर ज्यांचा तिरस्कार केला ते खंड तिनं एकामागून एक, एक अक्षर न गाळता वाचले. धाकटी पुढे वाकून ऐके. पण पहिल्याच दिवशी टिटवीला नदीपलीकडे काम मिळालं, तेव्हा तिनं विचारलं, "हे त्याचं की तुमचं?" थोरली म्हणाली, लेखकाचं. पुढच्या खंडात टिटवी आजारी पडून बरी झाली. "हे कुणाचं?" थोरली चिडली, तिनं शपथ घेतली. धाकटी मान हलवून "बरं" म्हणाली, आणि ते "बरं" पाचव्या खंडाच्या वेळच्या त्या "बरं"सारखंच होतं. विश्वास ठेवायची तिची फार इच्छा होती. प्रत्येक पानाला ती थोडी पुढे सरके आणि प्रत्येक पानाला मागे टेके. आवाज तोच होता, खणखणीत, स्वच्छ, कुठेही न अडखळणारा. टिटवीला बुडवतानाही तो अडखळला नव्हता.

नवव्या खंडाच्या शेवटी टिटवी घाटाच्या पायऱ्या चढून घरी आली. तिनं दारावर थाप मारली नाही. बाप रोज त्या वेळी दार उघडून बाहेर बघत असे. त्यानं उघडलं, आणि ती उभी होती. थोरलीनं ते वाचलं आणि पुस्तक खाली ठेवलं.

"इतकं गोड?" धाकटी म्हणाली. "दाराशीच उभी, आणि त्याच वेळी त्यानं उघडलं? नाही हो जाऊबाई. हे तुम्ही रचलंत. तुमचं बुडणं चांगलं होतं, त्यात खोट काढायला जागा नव्हती."

"तुला बरं वाटावं म्हणून मी कधी काही केलंय का?"

"नाही," धाकटीनं विचार करून सांगितलं. "पण कुलूपवालीसाठी केलं असेल. ती तुम्हाला परत हवी आहे."

थोरलीनं सुनेला हाक मारली. सुनेनं ते पान मोठ्यानं वाचलं. शब्द तेच होते. या वेळी तिनं सासूकडे पाहिलंही नाही.

"ती बिचारी काय करणार," धाकटी म्हणाली. "तिनं मागेही वाचलं होतं."

मग तिनं हात पुढे केला. थोरलीनं नववा खंड तिच्या हातात दिला. धाकटीनं शेवटचं पान उघडून अंगठा उजव्या बाजूला फिरवला. तिथे नुसता पुठ्ठा होता. तिनं तो पुन्हा पुन्हा चाचपला, वरून खाली, खालून वर. पानं संपली होती, यात फसवाफसवी नव्हती. त्या पानांवर काय लिहिलं होतं, हे तिला सांगू शकेल असं माणूस आता त्या घरात उरलं नव्हतं. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते तिनं पुसलं नाही.

खाली दुकानातली ठोकाठोक थांबली. थोरली अजून उभीच होती. ज्या आवाजात तिनं कधी कुणाकडे काही मागितलं नव्हतं, त्यात ती म्हणाली, "मी माझा शब्द पाळला. आता त्या बाईला सोड. मरू दे तिला हवं तर. तुला जमेल तशी मार, पण संपव."

धाकटीनं खंड मिटला आणि मांडीवर नीट ठेवला.

"तिला मी मारणार नाही," ती म्हणाली. "ती फार जगणार आहे, जाऊबाई. बसा ना."